लपायचं कोणापासून?

"तू इंजिनीअर होणार आहेस की अतिरेकी?"

माझ्या आईचा हा प्रश्न. त्या वेळी मी हॉलमध्ये जुन्या गोणपाटाचे दोरे उसवत बसले होते आणि अंगावर मासेमारीचं फाटकं जाळं होतं. घरभर तागाचा धुरळा. बाबा शिंकत होते. प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मात्र तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता थोडंफार आहे, म्हणून हा लेख.

(सुरुवातीलाच कबूल करते. नर्सरी ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेली. तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं तरी दंड व्हायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारून घ्याव्यात आणि बाकीच्या वाचकांनी पोटात घालाव्यात!)

तर मित्रांनो, विषय आहे एअरसॉफ्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जत्रेत पिवळ्या प्लास्टिकच्या छर्र्यांची बंदूक मिळते ना, तिचा हा जरा शिकलेला, मोठा भाऊ. १९७० च्या दशकात जपानमध्ये हा खेळ सुरू झाला. सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा, स्प्रिंग किंवा गॅस किंवा बॅटरीवर चालणारी बंदूक आणि दोन टीम. छर्रा लागला की आपणच हात वर करून "आउट" म्हणायचं. अंपायर नाही, थर्ड अंपायर तर नाहीच. सगळा प्रामाणिकपणाचा मामला. आणि या खेळात प्रत्येक नवख्याला एकच गोष्ट व्हायचं असतं, ते म्हणजे स्नायपर! दूर कुठेतरी गवतात पडून राहायचं, कोणाला दिसायचं नाही आणि एका छर्र्यात समोरच्याचा खेळ खल्लास. मलाही तेच व्हायचं होतं. "मुलगी आणि स्नायपर?" असं आमच्या ग्रुपमधल्या एका महाशयांनी विचारलं, तेव्हा तर नक्कीच व्हायचं ठरवलं.

आता माझं पहिलं मत. ते बऱ्याच जणांना पटणार नाही. स्वस्तातल्या नवख्या स्नायपरने बंदुकीवर सगळ्यात शेवटी पैसे खर्च करावेत.

का ते सांगते. थोडं गणित आहे, पण आपण इंजिनीअरिंगवाले, घाबरायचं कारण नाही. नेहमीचा छर्रा ०.२० ग्रॅमचा. तो सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा बरोबर १ जूल होते. अर्धा एम व्ही स्क्वेअर, करून बघा. जपानमध्ये कायद्याची मर्यादा साधारण एवढीच आहे. ब्रिटनमध्ये एकेक छर्रा मारणाऱ्या बंदुकीला २.५ जूल आणि ऑटोमॅटिकला १.३ जूल. म्हणजे खऱ्या रायफलीशी या खेळण्याची तुलनाच नाही. खरा स्नायपर शेकडो मीटरवरून नेम धरतो. आपला स्नायपर पन्नास-साठ मीटरवरून छर्रा लागला तरी देवाचे आभार मानतो. समोरच्याच्या साध्या बॅटरीवाल्या बंदुकीची झेपही साधारण चाळीस-पन्नास मीटर असते. मग आपला फायदा किती? जेमतेम दहा-पंधरा पावलांचा. तेवढ्या फायद्यासाठी आणि महागड्या दुर्बिणीसाठी पॉकेटमनी उडवायचा का?

खरा फायदा एकच, तो म्हणजे न दिसणं. आणि ते विकत घ्यावं लागत नाही. शिकावं लागतं.

म्हणून माझ्या हिशोबात खर्चाचा क्रम असा. पहिला खर्च डोळ्यांचा. एक जूलचा छर्रा शर्टावर लागला तर चिमटा काढल्यासारखं होतं. तोच डोळ्यात गेला तर डोळा जातो. इथे काटकसर नाही म्हणजे नाही. चारही बाजूंनी बंद होणारा, आघात झेलण्याचं प्रमाणपत्र असलेला सेफ्टी गॉगल घ्या. वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगच्या वेळी देतात तो साधा उघडा चष्मा चालत नाही, कारण छर्रा बाजूने आत शिरतो. आणि नवीन गॉगल घालण्याआधी तो विटेवर ठेवून जवळून दहा छर्रे मारून बघा. तडा गेला तर दुसरा आणा. डोळा दुसरा मिळत नाही.

दुसरा खर्च पायांचा. घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पँट हवीच. जव्हार-मोखाड्याच्या रानात पाचोळ्यात पोटावर झोपायचं म्हणजे फुरसं आणि घोणस यांच्या घरात न विचारता शिरणं आहे. झोपण्याआधी लांब काठीने जागा हलवून घ्यायची. हा नियम मला मैत्रिणीच्या आजीने शिकवला, कुठल्या व्हिडिओने नाही.

तिसरा खर्च छर्र्यांचा. चांगल्या बंदुकीतला वाईट छर्रा वाकडाच जातो. स्नायपरने ०.२० चा सोडून ०.३० किंवा त्याहून जड छर्रा वापरावा. तेवढ्याच ऊर्जेला तो सुटताना हळू सुटतो, साधारण ८२ मीटर प्रति सेकंद. पण वाऱ्याने कमी भरकटतो आणि वेग जास्त वेळ टिकवतो. नळीत वरच्या बाजूला एक छोटं रबर असतं, त्याला हॉप-अप म्हणतात. ते छर्र्याला उलटी फिरकी देतं. फ्लुइड मेकॅनिक्समधला मॅग्नस इफेक्ट आठवतोय? स्पिनरचा चेंडू टॉपस्पिनमुळे पटकन खाली येतो. इथे बरोबर उलट, बॅकस्पिनमुळे छर्रा तरंगत लांब जातो. हे रबर नीट बसवायला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक रविवार लागतो. बंदुकीत 'सुधारणा' म्हणून हजारो रुपये घालण्यापेक्षा हा रविवार जास्त कामाचा.

बंदूक म्हणाल तर स्प्रिंगची, प्रत्येक वेळी बोल्ट ओढायची साधी बंदूक पुरते. जगभरचे नवखे खेळाडू टोक्यो मारुईच्या व्हीएसआर-१० वर किंवा तिच्या चिनी नकलांवरच हात साफ करतात. माझी एका सीनियरकडून निम्म्या किमतीत घेतलेली आहे. दुर्बीण तीन-चार पटींची बास. जास्त मोठी घेतली तर समोरच्याच्या शर्टाचं बटण दिसतं, पण समोरचा कुठे आहे तेच कळत नाही! आणि भिंगावर जुन्या पायमोज्याची जाळी ताणून बसवा. नाहीतर उन्हात भिंग चमकतं आणि सगळी मेहनत पाण्यात. एक कळकळीची विनंती मात्र आहे. परदेशातून काही मागवण्याआधी आपले शस्त्र नियम आणि कस्टमचे नियम नीट बघा. शंका असेल तर सरळ पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. पैसे भरल्यावर नाही, आधी.

आता येऊ लपण्याकडे.

बहुतेक जण काय करतात? बाजारात जाऊन 'आर्मी प्रिंट'ची पँट-शर्ट आणतात. हे दोन कारणांनी चुकीचं आहे. एक तर कायदा. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून सैनिकासारखा वेष करणं हा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत कलम १४० खाली गुन्हा होता आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम १६८ खाली आहे. त्यात सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये जो नवा डिजिटल नक्षीचा गणवेश आणला, त्याचं डिझाइनच नोंदवून घेतलंय. परवानगीशिवाय तो बनवणं-विकणं बेकायदेशीर आहे. तुमचा हेतू खेळाचा असेल हो, पण नाकाबंदीवरच्या हवालदाराला तो हेतू तुमच्या पँटवर लिहिलेला दिसत नाही.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. ती पँट तिथे लपतच नाही! जव्हारला लोक 'ठाण्याचं महाबळेश्वर' म्हणायचे (२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी नाव काही सुटलं नाही). पावसाळ्यात दाभोसा धबधब्याचे फोटो बघून आपल्याला वाटतं, तिथे बारा महिने हिरवंगार. पण डिसेंबरनंतर जाऊन बघा. साग पानं टाकतो. डोंगरउतारावरचं गवत पिवळं, मग करडं होतं. शेतात राब भाजलेले काळे चौकोन दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो. त्या सगळ्यात गडद हिरव्या प्रिंटचा माणूस लांबून चक्क काळा ठिपका दिसतो. म्हणून नियम साधा आहे. कपडे दुकानातून आणू नका, जमिनीकडे बघून ठरवा. उन्हाळ्यात मातकट, खाकी, वाळक्या पानाचा रंग. पावसानंतर गवताचा पिवळट-हिरवा. काळा रंग कधीच नको, निसर्गात सलग काळं फारसं काही नसतंच.

आणि रंगापेक्षा आकार मोडणं महत्त्वाचं. माणसाचं डोकं आणि दोन खांदे हा आकार डोळा लगेच ओळखतो. तो मोडण्यासाठीच स्कॉटलंडच्या शिकाररक्षकांनी चिंध्यांचा झगा काढला, त्याला घिली सूट म्हणतात. इंग्रजांच्या लोव्हॅट स्काउट्सनी तो बोअर युद्धात नेला आणि पुढे पहिल्या महायुद्धात स्नायपरांनी उचलला. विकत घेतला तर महाग. घरी केला तर जवळजवळ फुकट. माझी पाककृती देते. किराणा दुकानातली चार जुनी गोणपाटं. सातपाटीच्या बाजूने मिळालेलं टाकाऊ मासेमारीचं जाळं. बाबांचा जुना खाकी शर्ट. गोणपाटाचे दोरे उसवून काही चहाच्या चोथ्यात, काही काताच्या पाण्यात उकळायचे, म्हणजे दोन-तीन तपकिरी छटा मिळतात. जाळं शर्टाच्या पाठीवर शिवायचं आणि दोऱ्यांचे झुबके गाठी मारून बांधायचे. पोटाकडे काही बांधायचं नाही, सरपटताना अडकतं. माझा एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत. (बाबांचा शर्ट धरलेला नाही.)

एक इशारा. तिथल्या रानातल्या वेली ओळखत नसाल तर त्या सूटला लावू नका. खाजकुयलीच्या शेंगेची लव अंगाला लागली, की लपलेला स्नायपर नाचत बाहेर येतो!

हे सगळं इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई अगदी तयारीची आहे. मलाही तसंच वाटत होतं. गेल्या मार्चपर्यंत.

आमच्या वर्गातली एक मैत्रीण मोखाडा तालुक्यातली. खोडाळ्याच्या बाजूला त्यांची थोडी वरकस जमीन आहे आणि खाली सागाची, मोहाची झाडं. काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, "खेळा की, पीक काढून झालंय" म्हणून परवानगी दिली. आम्ही सात जण. खूश! राखीव जंगलात जाण्यापेक्षा मालकीच्या जागेत खेळतोय, मालकाला विचारलंय, गॉगल आहेत, नियम आहेत. अजून काय पाहिजे?

पहाटे सहाला मी मोहाच्या झाडाजवळ सागाच्या पाचोळ्यात जाऊन पडले. घिली सूट, तोंडावर जाळी, हातात बंदूक. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी बघू शकत नव्हतं. खरं सांगते, भारी वाटतं. अर्ध्या तासाने पावलं वाजली. आली शिकार, असं वाटून मी श्वास रोखला.

शिकार नव्हती. टोपली घेतलेली एक बाई होती आणि तिच्याबरोबर आठेक वर्षांची मुलगी. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ती वेचायला लोक उजाडायच्या आत येतात, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. जमिनीवरची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी पेटवून जागा साफ करतात, हेही माहीत नव्हतं. ते मला एका क्षणात कळलं. कारण त्या बाईने टोपली खाली ठेवली, कमरेची काडेपेटी काढली आणि ती वाकली.

माझ्या अंगावर दोन किलो सुकलेला ताग होता.

मी ओरडत उठले. आता त्यांच्या बाजूने विचार करा. पाचोळ्यातून तोंड नसलेलं, केसाळ काहीतरी उभं राहतंय आणि त्याच्या हातात बंदूक. बाई किंचाळली. मुलगी पळाली आणि दगडावर आपटली. गुडघा फुटला. मी जाळी काढली, बंदूक टाकली, "मावशी, मावशी, मी आहे" असं म्हणत राहिले. 'मी' म्हणजे कोण, हे त्यांना कसं कळणार? मी त्यांना आदल्या दिवशी भेटलेच नव्हते.

बाई सावरल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, तू तर पोरगी आहेस." मग जरा वेळाने म्हणाल्या, "लपायचंच होतं तर लपा. पण आम्हाला का नाही सांगितलं?"

मुलीचा गुडघा आम्ही धुतला, पट्टी बांधली. त्यांची फुलं सगळ्यांनी मिळून वेचून दिली. आमच्या काकांनी आम्हा सातही जणांना पाड्यावर नेऊन माफी मागायला लावली. कोणी आम्हाला मारलं नाही, फारसं रागावलंही नाही. पण परतीच्या एसटीत मी त्र्यंबकेश्वर येईपर्यंत कोणाशी बोलले नाही. तो साधा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आम्हाला का नाही सांगितलं?

घरी येऊन मी दोन गोष्टी पुन्हा वाचल्या. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या. जानेवारी २०२५ मध्ये पालघर तालुक्यात, मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची एक टोळी रानडुकराच्या शिकारीला गेली. झाडीत हालचाल दिसली, गोळी सुटली आणि मेला तो त्यांच्यातलाच माणूस. झाडीत न दिसणारा माणूस हा झाडीतल्या जनावरासारखाच दिसतो, हे आम्ही कधी ध्यानात घेतलंच नव्हतं. दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १६ एप्रिल २०२० ला, लॉकडाउनमध्ये, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे चोर-मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना ठार मारलं. त्या गुन्ह्याचं समर्थन मी अजिबात करत नाही. पण ज्या भागात अफवेने एवढं होऊ शकतं, तिथे तोंड झाकून, बंदूक घेऊन, न सांगता रानात शिरणाऱ्या आम्हाला काय म्हणायचं? हुशार म्हणायचं का?

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. २२ नोव्हेंबर २०१४ ला अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात टमीर राइस नावाचा १२ वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्टची बंदूक घेऊन खेळत होता. खेळणं आहे हे ओळखू यावं म्हणून नळीच्या टोकाला नारिंगी रंग असतो. त्याच्या बंदुकीवर तो नव्हता. पोलिसांची गाडी आली आणि काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी तो गेला. आपल्याकडे मुलं बंदूक खरी दिसावी म्हणून ते नारिंगी टोक मुद्दाम काळं रंगवतात. मीही रंगवलं होतं. आता थिनरने पुसून काढलंय.

म्हणून माझं दुसरं आणि खरं मत असं आहे. स्नायपरच्या साहित्याची यादी गॉगलपासून सुरू होत नाही. ती गावाला सांगण्यापासून सुरू होते. आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

यावर आमच्या ग्रुपमध्ये जोरदार वाद झाला. एक मुद्दा असा आला की, "सगळ्यांना सांगितलं तर थ्रिल काय राहिलं?" मला हे पटत नाही. मी कोणापासून लपतेय? समोरच्या टीममधल्या तीन जणांपासून. ते खेळायला आलेत, त्यांनी गॉगल घातलाय, त्यांना नियम माहीत आहेत. ती मावशी खेळात नव्हती. जो खेळात नाही त्याच्यापासून लपण्याचा मला हक्कच नाही. क्रिकेटमध्ये आपण रस्त्याने जाणाऱ्या माणसाला बाउन्सर टाकतो का?

दुसरा मुद्दा असा की, "जमीन मालकीची, मालकाची परवानगी होती. गावाचा काय संबंध?" कागदावर बरोबर. पण जव्हार आणि मोखाडा हे पाचव्या अनुसूचीतले तालुके आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला शहरातल्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा कितीतरी जास्त अधिकार दिलेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातली फुलं-पानं-फळं गोळा करण्याचा तिथल्या लोकांचा हक्क मान्य केलाय. सातबारा एकाच्या नावावर असेल. पण त्यावरून पाण्याला जाणारी वाट, मोहाकडे जाणारी वाट, गुरांची वाट सगळ्यांची असते. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब लांब चालतात. आपण शहरातले लोक तिथून पाणी नेतो, धबधब्याचे फोटो नेतो. निदान पहाटेची वाट तरी निर्धास्त राहू द्यावी.

तिसरा मुद्दा माझ्या आईचा. "मुळात बंदुकीचा खेळ कशाला?" याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगते, मला गोळी मारण्यात मजा येत नाही. तासभर न हलता पडून राहण्यात येते. मुंग्या, वाऱ्याची दिशा, पाखरू कधी गप्प होतं, हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकलं. कदाचित उद्या हाच सूट घालून मी कॅमेरा घेऊन बसेन. आई म्हणते, "बघू."

मोखाडा-जव्हारकडे वसंतात बोहाडा होतो. मैत्रिणीच्या आग्रहाने मी एका रात्री बघितला. देवांची, राक्षसांची मोठमोठी सोंगं घालून, संबळाच्या तालावर माणसं नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे ठरलेलं असतं. म्हणजे मुखवट्याच्या आत कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं. तरी लहान पोरं घाबरतात, मोठे हात जोडतात, मजा काही कमी होत नाही. मला तिथे बसल्या बसल्या आमच्या "थ्रिल जाईल"वाल्या वादाचं उत्तर मिळालं.

नोव्हेंबरमध्ये, भात झोडून झाल्यावर, आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आदल्या संध्याकाळी पाड्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. बंदुका हातात दिल्या, छर्रे दाखवले, सूट घालून दाखवला. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. कुठल्या वाटा वापरात आहेत ते विचारून घेतलं आणि त्या खेळातून वगळल्या. खेळाच्या हद्दीवर लाल फडक्याच्या पट्ट्या बांधल्या. वेळ ठरवली, सकाळी नऊ ते अकरा, म्हणजे उजाडतानाची आणि पाण्याची वेळ टाळून. कोणीही बाहेरचं माणूस दिसलं की शिट्टी, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी जाळी काढून उभं राहायचं. सूटमध्ये आत नारिंगी कापड शिवलंय, उठताना ते आधी वर धरायचं. शेवटी छर्रे वेचायचे, सापडतील तेवढे. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेले छर्रेही रानात लवकर विरघळत नाहीत, तेव्हा त्या पाकिटावर फार विसंबू नका.

एवढं सगळं करून थ्रिल गेलं का? उलट वाढलं. कारण पाड्यावरची पोरं लाल पट्टीच्या बाहेर बसून कॉमेंट्री करत होती! काकांनी त्यांनाही जुने गॉगल घालायला लावले होते.

मी एका मोहाच्या झाडाखाली पक्की जागा धरली. माझ्या हिशोबात मी अदृश्य होते. समोरच्या टीमचा एक भिडू पाच पावलांवरून निघून गेला, त्याला दिसले नाही. मी मनातल्या मनात स्वतःला मेडल दिलं. खेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा दहा वर्षांचा एक पोरगा सरळ माझ्याकडे चालत आला.

"तुला मी कधी दिसले रे?" मी विचारलं.

"मघाशीच," तो म्हणाला. "मोहाखाली सागाची वाळकी पानं कुठून आली, ताई?"

सूटवर अजून मार्चमधलीच पानं बांधलेली होती. मोहावर हिरवी पानं, खाली ओलसर गवत आणि मध्ये मी, सागाच्या पाचोळ्याचा ढीग! दुर्बीण, हॉप-अप, मॅग्नस इफेक्ट, सगळं तिथल्या तिथे निकालात निघालं. ती पानं मी त्याच्यासमोरच सोडून टाकली. मग त्याने आजूबाजूचं सुकलेलं गवत आणलं आणि कुठे बांधायचं ते दाखवलं. पुढच्या खेळात मी शेवटपर्यंत आउट झाले नाही.

तेव्हा मित्रांनो, या वर्षी कोणाला स्नायपर व्हायचं असेल तर जरूर व्हा. गॉगल चांगला घ्या, बूट घ्या, गोणपाट उसवा. पण जव्हार-मोखाड्याच्या रानात जाल, तेव्हा आधी पाड्यावर जाऊन बसा, चहा घ्या आणि कोण, कुठे, किती वाजता लपणार आहे ते सगळं सांगून टाका. लपण्याचे चार धडेही तिथेच मिळतील, आणि फुकट.